भारी गाडीचा हार

गाड्या बोलत होत्या, त्या काळातली ही गोष्ट. एका दुकानात एकाच घडणीच्या दोन गाड्या होत्या, एक भारी आणि एक साधी. इंजिन सारखं, पळणंही सारखं. पण भारीच्या छताला काचेची खिडकी होती, आणि समोर काही आडवं आलं की भारी आपोआप थांबायची.

"तुझ्याकडं काय आहे गं?" ती विचारायची.

"चाकं आहेत," साधी म्हणायची. वर्षभर ती कोपऱ्यात धूळ खात होती. या दसऱ्यालाही घर मिळालं नाही, तर तिची रवानगी गोदामात होणार होती.

दसऱ्याला रंगराव भोईट्यांनी भारीच निवडली. त्यांच्या बहिणीनं, चंपूताईनं, तिला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नाकावर झेंडूचा जाडजूड हार घातला. रंगरावांनी गाडी सुरू केली. भारी कचकन थांबली.

"समोर भिंत आहे!"

"अगं, तो तुझाच हार आहे," साधी म्हणाली.

"मला शिकवू नकोस. मला सगळं दिसतं."

"दादा, हार काढू का?" चंपूताईनं विचारलं.

"मुहूर्ताचा हार काढतात का कुठं?"

"मग मुहूर्त टळू दे. बस इथंच!"

रंगराव चिडून उतरले आणि साधीत जाऊन बसले. चंपूताईनं घराच्या दारासाठी आणलेलं तोरण तिला बांधलं आणि भारीखालचं लिंबू काढून तिच्या चाकाखाली ठेवलं. साधीला असली भिंत दिसायची सोयच नव्हती. ती लिंबू चिरडून बाहेर पडली.

मग दुकानदारानं भारीचा हार काढला. तिला लांबवर मोकळा रस्ता दिसला. त्यावरून साधी चालली होती.