भांडायला जागा

एका राज्यात एक नगर होतं, आणि त्या नगरातल्या गल्ल्या जागेवर राहत नसत. राजवाड्यावर नगारा झडला की त्या सरकत. सकाळी पूर्वेला असलेली गल्ली दुपारी पश्चिमेला, आणि संध्याकाळी कुठे, ते देवाला ठाऊक. न्हावी घरी म्हणून जाई, तो न्यायाधीशाच्या माजघरात निघे. न्यायाधीश रंगाऱ्याच्या अंगणात शिरे आणि निळा होऊन बाहेर पडे. ज्याच्या दारी पोहोचलो त्याच्याकडे पानावर बसायचं, मुकाट्याने जेवायचं आणि खाली मान घालून निघायचं, अशी रीतच पडून गेली होती. कोण कुणाचा शेजारी, हे कुणालाच सांगता येत नसे. आता गोष्ट सांगतो आहे खरा, पण त्या नगराचं नाव काढलं की माझंही डोकं गरगरतं. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

हे असं का झालं, ते ऐका.

राजाचं नाव भानुकीर्ती. माणूस वाईट नव्हता, पण मनाला फार लावून घेणारा. पूर्वी त्या नगरात प्रत्येक दारापुढे ओटा असे आणि दिवस कलला की माणसं ओट्यावर येऊन बसत. एकदा राजाची स्वारी जात असताना एका ओट्यावरची माणसं खो खो हसली. राजाला वाटलं, हसली ती मलाच. लगेच हुकूम सुटला, ओटे मोडा, दारांपुढे पुरुषभर उंचीच्या भिंती उभारा, कुणाला कुणाचं दार दिसता कामा नये.

राजाची स्थपती होती कमळजा. नगरातली निम्मी घरं तिच्या ओळंब्याखाली उभी राहिलेली. तिने एवढंच विचारलं, "महाराज, माणसं बसतील कुठे?"

राजा म्हणाला, "आपापल्या घरात."

कमळजा गप्प झाली आणि तिने भिंती बांधल्या. भिंती सुबक झाल्या होत्या, हेही सांगायला हवं.

त्याच नगरात कज्जलनाथ नावाचा एक मांत्रिक राहत असे. रोज सकाळी ओट्यावर बसून दात घासायची त्याची सवय. त्याचाही ओटा गेला. तोंडातली काडी काढून त्याने नव्या भिंतीवर हात ठेवला आणि शाप दिला, "जिथे माणसाला टेकायला जागा नाही, त्या गावाला ठिकाण राहणार नाही." मग तो वेशीबाहेरच्या डोंगरात जाऊन राहिला. त्या दिवसापासून गल्ल्या फिरू लागल्या.

कमळजेची एकुलती एक लेक वेणा, नदीपलीकडे दिलेली. पहिलटकरीण, म्हणून माहेरी यायला निघाली. दिवस भरत आले होते. बैलगाडी आईच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा ती गाडीवानाला म्हणाली, "इथून जाते मी चालत. ती काय, आई भिंतीबाहेरच उभी आहे." ती उतरली आणि नगारा झडला. गल्ली सरकली. भाकरतुकडा ओवाळायला हातात घेऊन उभी असलेली कमळजा समोर आलेल्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली.

मग ती धावली. ह्या बोळातून त्या बोळात, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सगळ्या भिंती तिनेच बांधलेल्या, आणि एकही ओळखू येईना. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

राजवाड्याच्या सज्जात एक साळुंकी असे. ती माणसासारखी बोले आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे.

कमळजेने तिला विचारलं, "साळुंके, वरून माझी लेक दिसते का?"

"वरून सगळी छपरं सारखीच, बाई. पण आवाज मी ओळखते. सकाळी ती चिंचेपाशी तुला हाका मारत होती."

"चिंच कुठे आहे?"

"तेच शोधते आहे मघापासून."

"मग मी करू तरी काय?"

"ज्याने गाठ मारली त्याला विचार," साळुंकी म्हणाली आणि डोंगराकडे उडाली. कमळजा तिच्या मागे निघाली.

कज्जलनाथ एका खडकावर दात घासत बसला होता.

"माझी लेक हरवली आहे," कमळजा म्हणाली.

"भिंती कुणी बांधल्या?"

"मी."

"मग आता तीन जागा बांध. एक बसायची, एक पाण्याची, एक भांडायची."

"पहिल्या दोन समजल्या. तिसरी कसली?"

मांत्रिकाने चूळ भरली. "ते मलाही नीटसं उमगलेलं नाही. शाप द्यायला अक्कल लागत नाही, उतरवायला लागते. एवढं मात्र सांगतो, जिथे भिंत नाही तिथे हा शाप चालत नाही. तिथेच बांध."

अख्ख्या नगरात भिंत नसलेली जागा एकच उरली होती, राजवाड्यापुढचं घोडदौडीचं मैदान. राजाला ते जिवापलीकडे प्रिय. पण राजा स्वतः आदल्याच दिवशी चुकून कासाराच्या घरी जेवून आला होता आणि तिथून परत यायला त्याला बारा वाटा फिरावं लागलं होतं. त्याने फारशी खळखळ केली नाही.

कमळजेने पहिलं काम हाती घेतलं. बसायची जागा करायची तर ती राज्याला शोभेशीच हवी. तिने काळा पाषाण आणवला, आरशासारखा घासून घेतला, कडेने कमळांची वेल कोरली, वर दगडी छत्री उभारली. काम पुरं झालं. माणसं आली. त्यांनी चपला लांब काढल्या, हात जोडले, तीन प्रदक्षिणा घातल्या. एका म्हातारीने त्या आसनाला शेंदूर फासला, दुसरीने नारळ फोडला. बसलं कुणीच नाही. नव्या देवाचं नाव काय, एवढंच जो तो विचारत होता.

"अहो, हे बसायला आहे!" कमळजा ओरडली.

माणसांनी घाबरून कानाला हात लावले.

साळुंकी छत्रीवर बसून म्हणाली, "बाई, एवढ्या चकचकीत जागी देवच बसतो. माणसाला थोडी मळलेली लागते."

कमळजेला रडू आलं. एवढं सुंदर काम तिच्या हातून पूर्वी झालं नव्हतं. तिने ते स्वतःच्या हाताने उकललं. त्याच दगडांची उलटी, खडबडीत बाजू वर घेतली, मातीत बसवली, गुडघ्याइतका उंच, ऐसपैस ओटा केला आणि शेणाने सारवला. एक कोपरा थोडा कललाच, तो तसाच ठेवला. पायात काटा मोडलेला एक पाथरवट लंगडत आला आणि काटा काढायला टेकला. काटा निघेना, म्हणून दुसरा शेजारी बसला. तिसरा नुसताच बसला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर जागा उरली नाही.

दुसरं काम पाण्याचं. मैदानाच्या कडेला राजाच्या घोड्यांसाठी राखलेली पायऱ्यांची विहीर होती, तिचं कुलूप निघालं. बायका पाण्याला येऊ लागल्या, पण खाली मान घालून यायच्या आणि तशाच जायच्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, बोलणार कशा? पहिल्या कामाने कमळजा शहाणी झाली होती. तिने पायऱ्यांच्या मध्यावर कमरेइतका उंच एक कट्टा बांधला, हंडा टेकवायला. हंडा खाली उतरला, मान मोकळी झाली आणि तोंडही. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचं पोर तापाने फणफणलं आहे, कुणाच्या दारी कोण परकी पोर रडत बसली आहे, सगळं त्या कट्ट्यावर उतरू लागलं.

गल्ल्या मात्र फिरतच होत्या. आणि एका सकाळी साळुंकी येऊन कमळजेच्या खांद्यावर गप्प बसली.

"कुठे आहे ती आज?"

"बाई, आज तुझ्या लेकीचा आवाजच आला नाही."

कमळजेने तिला पुन्हा ऐकायला पिटाळलं. पण थांबून चालणार नव्हतं. तिसरी जागा तेवढी उरली होती, आणि ती काय असते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. राजा म्हणाला, "माझ्या राज्यात भांडण नाहीच, तर जागा कशाला?" कोतवाल म्हणाला, "कुस्तीचा हौद असेल." पुरोहित म्हणाला, "शास्त्रात नाही."

कमळजेने रात्रंदिवस विचार केला आणि शेवटी एक गोल मंडप उभारला. भिंत नाही, कारण भांडण बाहेरच्यालाही दिसायला हवं. उच्चासन नाही, कारण वरून भांडलं की तो हुकूम होतो. छप्पर मात्र भक्कम. पावसाने भांडण अर्ध्यावर सोडावं लागलं तर उरलेलं माणूस घरी नेतो, आणि घरात ते कुजतं.

मंडप झाला, पण भांडायला कुणी येईना. राजाने दवंडी पिटवली, "हो ऐका! उद्या सकाळी सर्वांनी मंडपात येऊन भांडावं!" सगळे आले. राजाही आला. बसायला उंच जागा शोधत त्याने मंडपाला दोन फेऱ्या मारल्या आणि अखेर रंगाऱ्याच्या शेजारी उभा राहिला.

"करा सुरुवात," न्हावी न्यायाधीशाला म्हणाला.

"छे, छे, आधी आपण."

"आमच्याने कसं होईल? आपण मोठे."

असं बराच वेळ चाललं. गावाला भांडायची सवयच राहिली नव्हती. शेवटी कमळजेला ते सहन होईना. ती राजापुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी लेक तुमच्या भिंतींत हरवली!"

"भिंती तू बांधल्यास."

"बांधल्या! तोंड शिवून बांधल्या, ती माझी चूक! पण सांगितल्या कुणी? कशासाठी?"

राजा लाल झाला. "ही माणसं मला हसली होती!"

"तुम्हाला?" पाथरवट मागून ओरडला. "महाराज, आम्ही बकरीला हसलो! कोतवालांच्या पागोट्याचा शेमला खात खात ती स्वारीबरोबर चालली होती!"

"खोटं!" कोतवाल किंचाळला.

"खोटं कसं? माझीच बकरी होती!" एक बाई म्हणाली. "मेलीला नंतर तीन दिवस ठसका लागला होता!"

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?" राजा ओरडला.

"सांगायला जागा कुठे ठेवली होतीत?"

हे कोण म्हणालं ते कळलं नाही, कारण तोवर सगळेच बोलत होते. न्हावी न्यायाधीशाला जेवणांचा हिशेब विचारत होता. रंगारी म्हणत होता, माझी निळीची पिंपं कोण लवंडतं? राजा उजव्या हाताने कोतवालाला आणि डाव्या हाताने पाथरवटाला उत्तर देत होता. भांडता भांडता तो घसा ताणून म्हणाला, "पाडा त्या भिंती! बांधा पुन्हा ओटे! पण बकरी बांधून ठेवा!"

तेवढ्यात नगारा झडला. गल्ल्या थरथरल्या आणि जागच्या जागी राहिल्या. चिंच चिंचेच्या जागी उभी होती. शाप उतरला होता, पण ते बघायला कुणाला सवड नव्हती. कमळजा तर अजून राजाच्या अंगावर ओरडत होती, "माझी लेक कुठे आहे? माझी वेणा कुठे आहे?"

"अगं आई, हळू बोल! किती वेळाने निजली आहे ती आता!"

मंडपाला लागूनच गल्लीचं तोंड होतं. तिथे वेणा उभी होती, अंगावर परक्या बाईचं लुगडं आणि हातात दुपट्यात गुंडाळलेली इवलीशी मुलगी. तिच्या मागे एक सुईण होती. विहिरीच्या कट्ट्यावर हंडा टेकवताना त्या सुइणीने ऐकलं होतं, की कुणाच्या तरी दारी परकी पोर कळा देते आहे, आणि हंडा तिथेच टाकून ती धावली होती. बाळ झाल्यापासून वेणा कुजबुजूनच बोलत होती, मग साळुंकीला आवाज येणार कुठून?

मंडपात एकदम शांतता झाली. कमळजेने नात घेतली. तिची आसवं दुपट्यावर गळत होती. राजा टाचा उंचावून बघत हळूच म्हणाला, "नाक आजीवर गेलंय."

"छे! बापावर," सुईण म्हणाली.

"तुम्ही बाप कधी पाहिलात?" न्हाव्याने विचारलं.

झालं, लागलं भांडण. ते म्हणे अजून चालू आहे. ते कधी न मिटो, आणि तुमची आमची दारं सकाळी जिथे असतील तिथेच संध्याकाळी सापडोत.