बिनतळाची घरटी

ओढ्याकाठी बाभळी दाट होत्या, त्या काळची ही गोष्ट. पाखरांच्या पंचायतीने अनुदान जाहीर केलं: जो घरटं बांधेल त्याला दर घरट्यामागे बाजरीचं एक कणीस. मोजणी कावळ्याकडे होती. काट्यांच्या भीतीने तो जवळ न जाता लांबच्या बांधावरूनच मोजायचा.

पिवळ्या नावाच्या सुगरण पक्ष्याच्या हे लवकर ध्यानात आलं. वरचा घुमट विणला की बांधावरून घरटं पुरं झाल्यासारखं दिसे, आणि तळ विणण्यातच तर निम्मे दिवस जात. मग तळ विणायचा कशाला? महिन्याभरात त्याने बारा घुमट टांगले आणि बारा कणसं बेचक्यात रचली.

अंडी घालायचे दिवस आले, तशी एक मादी घर बघायला आली. आता संसार मांडायचा, म्हणून पिवळ्या हरखला. ती एका घरट्यात शिरली ती थेट खालून बाहेर पडली. दुसऱ्यातही तेच.

"अहो, घरटी बांधलीत की तोरणं?"

"बाई, बाजरी तरी बघा केवढी आहे."

"बाजरी काय, मीही आणीन. अंडी कशात ठेवू ते सांगा," असं म्हणून ती उडून गेली.

दुसऱ्या दिवशी कावळा आला, तेव्हा पिवळ्या एका जुन्या घरट्याचा तळ विणत होता.

"अरे, हे मोजून झालंय. याचं कणीस पुन्हा मिळायचं नाही."

"राहू द्या, कावळेदादा," पिवळ्या पातं ओवत म्हणाला. "यात कुणीतरी राहायला यायला हवं."