बापूरावांच्या गाडीत टक् टक् टक्

चूक बापूरावांची होती.

आधीच सांगून टाकलं. ते स्वतः कधीच सांगणार नाहीत.

बापूरावांकडे गाडी होती. जुनी. खूप जुनी. एक दिवा मिटलेला. एक दार सुतळीने बांधलेलं.

बापूरावांना मिशा होत्या. मोठ्या. खूप मोठ्या. दोन्ही टोकं वर. रोज तूप लावायचे. रोज पीळ द्यायचे. गाडीकडे कमी बघायचे. मिशांकडे जास्त.

अंगणात बदामाचं झाड होतं. झाडात ढोली. ढोलीत झुपकी. झुपकी म्हणजे खारीचं पिल्लू. एवढंसं! शेपटी मात्र हीऽऽ झुपकेदार.

झुपकीला भाऊ होता. पिटुक. तो तर तिच्याहून एवढासा. आई दाणे शोधायला गेली होती. पिटुकला सांभाळायचं काम झुपकीकडे.

आज पिटुकला दात आला. पहिला दात! तिळाएवढा. आता त्याला बदाम हवा. झाडावर बदाम उरला होता एकच.

झुपकीने तो तोडला. कुट्! खाली आणला. तुरुतुरु, तुरुतुरु. फार जड होता. म्हणून जरा टेकवला. कुठे? बापूरावांच्या गाडीवर. अगदी कडेला.

गाडीचं बॉनेट उघडं होतं. बापूराव आत पाणी ओतत होते. गुडगुड, गुडगुड.

पाणी ओतून झालं. बापूरावांनी बॉनेट धरलं.

"थांबा, बापू! माझा बदाम!" झुपकी ओरडली.

बापू थांबले का? छे.

धाडकन्!

बॉनेट आपटलं. बदाम घरंगळला. आत गेला. पंख्याच्या जाळीत अडकला.

झुपकीने फटीतून बघितलं. बदाम दिसत होता. पण फट बारीक. डोकं जाईना. पंजा पुरेना.

वर पिटुक रडायला लागला. कुंई, कुंई, कुंई!

बापूराव गाडीत बसले. किल्ली फिरवली.

घुर्र, घुर्र... टक् टक् टक्!

"अरे! आवाज!" बापूराव म्हणाले.

घुर्र, घुर्र... टक् टक् टक्!

झुपकी आरशावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बापू, बापू, बॉनेट उघडा ना!
बदाम काही मिळेना,
पिटुक रडायचा थांबेना!
बदाम पंख्याच्या जाळीत आहे. तोच वाजतोय. मी बघितलाय."

बापूंनी मिशीला पीळ दिला.

"तू केवढी? एवढीशी! तुला काय कळतं? गाडी दमलीय. म्हणून खोकतेय. मी नाही बॉनेट उघडणार. आधी भाऊकाका सांगू देत. घरात मोठ्यांना विचारायची रीत आहे."

मग झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

भाऊकाका म्हणजे बापूंचे काका. ओट्यावर पेपर वाचत होते. कालचा. गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. सायकलसुद्धा नाही.

"काका, काका, तुम्ही सांगा ना!
बापू बॉनेट उघडेनात,
बदाम काही मिळेना,
पिटुक रडायचा थांबेना!
बदाम पंख्याच्या जाळीत आहे. मी बघितलाय."

काकांनी कान टवकारला. टक् टक् टक्!

"क्लच!" काका म्हणाले. "क्लचच!"

"काका, क्लच कुठे असतो?"

काकांनी पेपर वर धरला. तोंड झाकलं. पेपरमागून आवाज आला,

"तू केवढी? एवढीशी! तुला काय कळतं? मी नाही काही सांगणार. आधी आक्का हो म्हणू देत. आक्का माझ्याहून मोठ्या."

मग झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. मागच्या पडवीत मिरच्या कुटत होत्या. धप् धप् धप्! चुलीवर चहा उकळत होता. खदखद, खदखद.

"आक्का, आक्का, हो म्हणा ना!
काका काही सांगेनात,
बापू बॉनेट उघडेनात,
बदाम काही मिळेना,
पिटुक रडायचा थांबेना!
बदाम पंख्याच्या जाळीत आहे. मी बघितलाय."

आक्कांनी डोळे मिटले. टक् टक् टक्!

"दृष्ट लागलीय," आक्का म्हणाल्या. "गाडी देखणी ना आमची. शेजारचे बघत असतात."

"आक्का, दार सुतळीने बांधलंय."

"तू केवढी? एवढीशी! तुला काय कळतं?"

तेवढ्यात भाऊकाका आत आले. आक्कांनी चहा ओतला. कपातून वाफा निघत होत्या. बघायचं कुणी? काका कुरकुरले, "चहा नेहमी गारच असतो."

मिरचीचा खकाणा उडाला. आक्कांच्या नाकात गेला.

"आ... आ... आक्छी!"

काकांनी हात जोडले. बोलल्यावर शिंक आली की ते खरं, असं सगळे मानायचे.

"शिंक आली! सत्य आहे! चहा गार आहे!"

आणि काकांनी चहा गटकन् प्यायला.

"हाऽऽ! हाय हाय! हुई हुई!"

काका जीभ बाहेर काढून नाचले. आक्का शांतपणे म्हणाल्या, "गारच होता हो. शिंक आली ना."

झुपकीने बघितलं. नीट बघितलं. तिची शेपटी जराशी हलली.

आक्का पुढे म्हणाल्या, "मी नाही हो म्हणणार. आधी मिस्त्री मान हलवू देत. मिस्त्री माझ्याहून मोठे."

मग झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

दगडू मिस्त्री समोरच राहायचे. दुकानासमोर टायर होता. टायरवर मिस्त्री. तिथून उठायचे नाहीत. जेवायला तेवढे उठायचे.

"मिस्त्री, मिस्त्री, मान हलवा ना!
आक्का हो म्हणेनात,
काका काही सांगेनात,
बापू बॉनेट उघडेनात,
बदाम काही मिळेना,
पिटुक रडायचा थांबेना!
बदाम पंख्याच्या जाळीत आहे. मी बघितलाय."

मिस्त्रींनी लांबूनच ऐकलं. टक् टक् टक्!

"इंजिन उतरवावं लागेल," मिस्त्री म्हणाले.

"न बघताच?"

"बघायचं काय त्यात? बघायला लागतं ते पोरासोरांना."

"एकदा बघा ना. दोन पावलं तर आहे."

"तू केवढी? एवढीशी! तुला काय कळतं? मी नाही मान हलवणार. आधी पणजोबा हुं म्हणू देत. पणजोबा सगळ्यांहून मोठे."

मग झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वरून आवाज आला. कुंई, कुंई. पण बारीक. पिटुक रडून रडून थकला होता.

"आणते रे, पिटुक! आणते!"

पणजोबा अंगणातच होते. उन्हात. आरामखुर्चीत. गाडीच्या अगदी शेजारी. नाकात पांढरे पांढरे केस. गाडी त्यांनीच घेतली होती. तेव्हा बापू रांगत होते.

मिस्त्री मागोमाग आले. आक्का आल्या. काका आले, जीभ बाहेर काढून. बापूही गाडीतून उतरले. गाडी चालूच. हात लावायला कुणी आलं नाही. पणजोबा काय म्हणतात, ते ऐकायला सगळे आले.

झुपकी खुर्चीवर चढली. पणजोबांच्या कानाशी गेली. मोठ्ठ्याने म्हणाली,

"पणजोबा, पणजोबा, हुं म्हणा ना!
मिस्त्री मान हलवेनात,
आक्का हो म्हणेनात,
काका काही सांगेनात,
बापू बॉनेट उघडेनात,
बदाम काही मिळेना,
पिटुक रडायचा थांबेना!"

बापूंनी गाडीकडे बोट दाखवलं, मग कानाकडे. पणजोबांनी कानामागे हात धरला.

घुर्र, घुर्र... टक् टक् टक्! टक् टक् टक्! टक् टक् टक्!

पणजोबा म्हणाले, "आवाज? कसला आवाज?"

पणजोबांना ऐकूच यायचं नाही. गेली कित्येक वर्षं. घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी आवाज आहे की नाही, ते ठरवायचं त्यांनीच.

"मला नाही ऐकू आला," पणजोबा म्हणाले. "म्हणजे नाहीच."

टक् टक् टक्!

"नाहीच," मिस्त्री म्हणाले.

टक् टक् टक्!

"नाहीच बाई," आक्का म्हणाल्या.

टक् टक् टक्!

"नाही तल नाहीत," काका म्हणाले. जीभ भाजली होती ना.

बापूंनी मिशीला पीळ दिला. "बघा! किती शांत आहे माझी गाडी!"

टक् टक् टक्!

(वाचून दाखवणाऱ्यांनो, हसू नका. तुमच्या घरीही काल असंच झालं. मुलांना विचारा.)

झुपकी रडली का? नाही. झुपकी चिडली. गाल फुगले. मिशा थरथरल्या. पंजा आपटला. थप्!

खरं सांगून झालं. विनवून झालं. पाच जणांना विचारून झालं. पिटुक अजून उपाशीच.

मग तिला चहा आठवला. वाफाळता, गरम, गार चहा!

झुपकी हळूच खाली सरकली. पणजोबांच्या खांद्यावर. खांद्यावरून दाढीवर. पाठ फिरवली. शेपटी वर केली. हीऽऽ झुपकेदार शेपटी! पणजोबांच्या नाकाखाली धरली.

गुदुगुदु. गुदुगुदु.

पणजोबांचं नाक हललं.

गुदुगुदु. गुदुगुदु.

पणजोबांचं तोंड उघडलं.

"आ..."

झुपकी ओरडली, "बापूंनी बॉनेट आपटलं!"

"आ... आ..."

"बदाम पंख्याच्या जाळीत अडकला!"

"आ... आ... आऽऽऽक्छी!"

पानं हलली. कावळा उडाला. खुर्ची मागे सरकली.

सगळे ताठ उभे राहिले. सगळ्यांनी हात जोडले.

"शिंक आली! सत्य आहे!"

"पणजोबांची शिंक!"

"बदाम जाळीतच आहे!"

तेच. अगदी तेच. सकाळपासून झुपकी तेच सांगत होती.

मग काय! भराभरा, भराभरा!

पणजोबा हुं म्हणाले.
मिस्त्रींनी मान हलवली.
आक्का हो म्हणाल्या.
काकांनी सांगितलं.
बापूंनी बॉनेट उघडलं. कर्रर्र!

आत पंखा फिरत होता. गरगर, गरगर. जाळीत बदाम वाजत होता. टक् टक् टक्!

बापू वाकले.

"थांबा, बापू! आधी गाडी बंद करा!" झुपकी ओरडली.

"तू केवढी? एवढीशी! तुला काय कळ..."

फर्रर्र!

टप्!

बदाम उडाला. थेट झुपकीच्या पंजात पडला.

मिस्त्रींनी हात घातला आणि किल्ली फिरवली. गाडी बंद. पंखा बंद. सगळं गप्प.

मग मिस्त्री म्हणाले, "मी म्हटलंच होतं."

काका म्हणाले, "मी म्हततंत होतं."

आक्का म्हणाल्या, "मी आधीच म्हटलं होतं."

पणजोबा म्हणाले, "काय म्हणालात?"

झुपकीला कुणी काही म्हणालं नाही. चुकलं, असं नाही. शहाणी गं, असंही नाही. झुपकीला वेळही नव्हता. बदाम तोंडात धरून ती झाडावर पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पंख्याने बदाम फोडला होता. कवच उघडलं होतं. आत गर होता. पांढरा, मऊ.

"घे रे पिटुक."

पिटुकने पहिला दात लावला. कुट्!

कुटुम कुटुम. कुटुम कुटुम.

पिटुक रडायचा थांबला.

खाली मिस्त्रींनी किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र... घुर्र, घुर्र. टक् नाही. काही नाही.

बापूंनी मिशीला पीळ द्यायला हात वर नेला. उजवीकडे पीळ दिला. डावीकडे हात फिरवला. पुन्हा फिरवला.

बापूरावांची डावी मिशी पंख्यात गेली.