धाकू झोऱ्याचा खांदा

फार वर्षं झाली. बावखिंडीच्या माथ्यावर धनगरांचे सात वाडे होते आणि खाली उतरायला एक अरुंद पायवाट. आजारी माणसाला खालच्या वैद्याकडे न्यायचं तर डोलीतून. डोली म्हणजे जाड बांबू, त्याला बांधलेली घोंगडीची झोळी आणि पुढेमागे एकेक गडी. पुढचा गडी ठरलेला, धाकू झोरे. त्याच्या खांद्यावर बसून कावळा भाकरी खाऊन जाई आणि धाकूला पत्ताही नसे, असं म्हणतात.

पन्नाशी उलटली. एका सकाळी खांद्यावर घोंगडी टाकायला धाकूनं हात उचलला, तो कानापाशीच अडला. वर जाईना. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून धाकूच्या पायाला भिंगरी लागली. जेवता जेवता उठे, कुणी हाक न मारताच खिंडीपर्यंत जाऊन येई. गोठ्यामागं एक गोल धोंडा होता. तरणेपणी तो त्यानं डोक्यावर नेलेला. आता रोज तो उचलून बघू लागला. एका साली धोंडा छातीशी आला, पुढच्या साली कमरेशी. धोंडाच वाढतोय, अशी त्यानं मनाची समजूत घातली. तो धोंडा खरंच वाढत होता, असं म्हणणारे अजून आहेत.

बायको ठकूनं त्याला तिथंच गाठलं. "अवं, वय झालं आता. कोंडूला सांगा, दुसरा गडी बघ म्हणून."

"मग मी काय करू? चुलीपाशी बसू?" धाकू म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

कोंडू लांबोर म्हणजे डोलीचा मागचा गडी, तिशीचा. त्या श्रावणात त्याचीच बायको अडली. दोन दिवस झाले, मूल येईना. कोंडू धावत आला. धाकूनं बांबू खांद्यावर घेतला.

धुकं असं, की पुढचं पाऊल दिसेना. निम्म्या वाटेत कडा लागला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. तिथं धाकूच्या खांद्यात कळ उठली आणि हात बधिर झाला. बांबू निसटू लागला. डोली वाटेत टेकली तर आतलं माणूस वाचत नाही, अशी तेव्हाची समज. धाकू दहा पावलं चालला, अजून दहा चालला. मग थांबला.

"कोंडू, माझा खांदा संपला. टेकव."

मागून कोंडू म्हणाला, "तात्या, माझाबी कवाचा जळतोय. तुमी बोलंना, म्हणून मी गप."

दोघांनी डोली सपाट कातळावर टेकवली. धाकूनं दरीकडं तोंड करून हाक दिली. त्या हाकेनं धुकं मधोमध फाटलं आणि ती सातही वाड्यांत एकदमच पोचली, असं म्हणतात. गडी हातातलं काम टाकून धावले. चौघांनी बांबू धरला, चौघं बदलीला मागं. धाकू रिकाम्या खांद्यानं पुढं चालू लागला. कुठला दगड हलतो, कुठं शेवाळ आहे, ते सांगत होता. कुणाचा श्वास चढला की म्हणे, "बदला."

वैद्याच्या ओटीवर मुलगी झाली. मायलेकी दोघी वाचल्या.

धाकूनं पुन्हा बांबू उचलला नाही, पण तो चुलीपाशीही बसला नाही. मरेपर्यंत प्रत्येक डोलीच्या पुढं तोच चालला, आणि त्याच्यामागं कधी कुणाचा पाय घसरला नाही, असं म्हणतात.

आजही डोली उतरताना त्या कातळावर टेकवतात. सगळ्यांत थोराड गडी दमलेला असो वा नसो, तोच आधी मोठ्यानं म्हणतो, "माझा खांदा संपला." मग बाकीच्यांना तसं म्हणायची लाज वाटत नाही.