नेहमी भेटणाऱ्या माणसाची सही

कुमुदिनीबाई शेवड्यांच्या दारातली गाडी नवरा गेल्यापासून हललीच नव्हती. गाडी बाईंच्याच नावावर होती आणि हुबळीचं गिऱ्हाईकही मिळालं होतं. पण ती कर्नाटकात न्यायची तर आरटीओचा ना हरकत दाखला हवा, आणि तो गाताडेसाहेबांच्या टेबलावर अडला. दर मंगळवारी साहेब नवी खोट काढत, अर्जाच्या पाठीवर शेरा मारून खाली सही ठोकत आणि बाईंना परत पाठवत.

अकराव्या मंगळवारी साहेबांनी आधारकार्ड निरखलं.

"फोटोतल्या बाई हसऱ्या आहेत. त्या तुम्हीच कशावरून? तुम्हाला नेहमी भेटणाऱ्या एखाद्या माणसाची सही आणा."

बाईंनी अर्ज उलटा करून त्यांच्यापुढे सरकवला.

"या घ्या, दहा आहेत. अडीच महिन्यांत मला नेहमी भेटलेलं माणूस म्हणजे तुम्हीच. दुसरं कुणी माझं दार वाजवत नाही, साहेब."

मागची रांग हसली. साहेब हसले नाहीत. त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला.

बाई दारापर्यंत गेल्या आणि थबकून मागे वळल्या.

"म्हणजे आता मंगळवारी यायचं काही कारण उरलं नाही ना?"