पिल्लांचं उष्टावण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कोंबड्या माणसांशी बोलत आणि माणसं, मनात आलं तर, ऐकतही. लहानांनी पुढे सरकून बसावं. मोठे मागे बसले तरी चालेल, पण कान इकडे ठेवा, कारण गोष्ट तुमचीच आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी तुळाजी आणि भागा नावाचं जोडपं राहत होतं. घरात मूलबाळ नव्हतं. एक कोंबडी होती, ती अंड्यांवर बसलेली असतानाच मुंगसाने नेली. भागाने ती अंडी भाताच्या तुसात घालून टोपली चुलीजवळ ठेवली आणि उठता-बसता अंडी फिरवत राहिली.

"आता तूच खुडूक बसलीस की काय?" तुळाजी चिडवायचा. पण चुलीत लाकूड सारायला आधी तोच उठायचा.

एका सकाळी अंडी फुटली. ओली, डुगडुगती पिल्लं बाहेर आली आणि दुपारपर्यंत वाळून कापसासारखी फुगली. तुळाजीने एक तळहातावर घेतलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"भागे, या घरात पहिल्यांदाच लेकरं आली," तो म्हणाला. "सगळं रीतीने करायचं. उष्टावण करायचं."

बाळाचं उष्टावण म्हणजे पहिला घास, आणि तो भरवायचा मामाने. पिल्लांचा मामा कोण? अर्थात भागाचा भाऊ. तो नदीपलीकडे राहायचा. त्याला निरोप धाडला. भागाने गूळ घालून खीर शिजवली, दाराला आंब्याचं तोरण बांधलं. मामा येईपर्यंत पिल्लांच्या चोचीला काही लावायचं नाही, असं ठरलं. पाणीसुद्धा नाही. बघा, केवढी माया आणि केवढा वेडेपणा.

मामा त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, कारण भाच्यांसाठी झबली शिवायचं काम मामीने मोठ्या हौसेने काढलं होतं.

पिल्लं आधी खूप ओरडली. मग गप्प झाली. तुळाजीला वाटलं, शहाणी झाली.

शेजारी एक म्हातारी कोंबडी होती, पायाने लंगडी आणि तोंडाने फटकळ. ती कुंपणाखालून आली आणि टोपलीत डोकावली.

"काय खायला घातलंस यांना?"

"अजून काही नाही, आजी. मामा यायचाय," भागा म्हणाली.

"पिल्लं अंड्यातूनच पोटात शिदोरी घेऊन येतात की," तुळाजी म्हणाला. "तुम्हीच सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. मागे राहिलेली अंडी फुटेपर्यंत आईला उठता येत नाही, तेवढा वेळ जीव धरायला असते ती शिदोरी. पाहुण्याची वाट बघायला नसते. पोटात दाणा पडतो तेव्हा कुठे आतडी कामाला लागतात. भागे, एक उचल आणि त्याचे पाय गालाला लाव."

भागाने सगळ्यात लहान पिल्लू उचललं. पाय गार होते.

"गारठलेलं पिल्लू दाण्याकडे जात नाही. आधी ऊब, मग कोमट पाणी, मग बारीक कणी. आणि ती खीर तुम्हीच खा, त्यांच्या चोची चिकटतील."

"पण मामाचा मान?" तुळाजी पुटपुटला.

भागाने निखारे पुढे ओढले, उथळ झाकणीत पाणी घेतलं आणि एकेकाची चोच अलगद बुडवली. फडक्यावर तांदळाची कणी पसरली. पिल्लांना काही कळेना. तेव्हा म्हातारी चोचीने फडक्यावर टकटक करू लागली आणि भागा तिच्या शेजारी बोटाने. एकाने बघून बघून दाणा टिपला. मग एकामागून एक तुटून पडली. तुळाजी निमूटपणे उठला आणि जुन्या ओंडक्याखालची वाळवी पिल्लांना टिपायला करवंटीत भरून घेऊन आला.

संध्याकाळी म्हातारीने प्रत्येकाच्या गळ्याखाली चाचपून बघायला लावलं. दाण्याच्या इवल्या पिशव्या भरल्या होत्या, मऊ लागत होत्या. फक्त सगळ्यात लहान पिल्लाने चोच उघडली नाही. भागाच्या ओंजळीत ते तसंच पडून राहिलं, आणि पहाटे निवलं.

"माझ्या हौसेपायी गेलं गं," तुळाजी म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

उन्हं वर आल्यावर मामा आला. डोक्याला फेटा, काखेत झबल्यांचं गाठोडं, हातात चांदीची वाटी.

"कुठे आहेत माझे भाचे? थांबला होतात ना माझ्यासाठी?"

"थांबलो होतो, दादा," भागा म्हणाली. गाठोड्यातलं सगळ्यात लहान झबलं तिने काढून घेतलं, त्यात ते पिल्लू गुंडाळलं आणि मामाच्या हातात ठेवलं. मामाने परसात खड्डा खणला. त्याच्या हातून भाच्यांचं एवढंच झालं.

पुढे त्या घरात पुष्कळ पिल्लं निघाली. मामाला निरोप अजूनही जायचा, पण पिल्लांची पोटं भरल्यावर. येऊन तो आपली खीर खायचा.

म्हणून सांगतो, लेकराचा घास कुणाच्या मानासाठी अडवून ठेवू नये. त्याला भूक लागली, तोच मुहूर्त.