तोंडाकडे बघणारा राक्षस

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक पोरगा होता आणि त्याचा एक राक्षस होता. दचकू नका. त्या मुलखात कुत्री-मांजरं पाळायची पद्धतच नव्हती, घरोघरी राक्षस पाळत. कुणाचा शेपटीला आग असलेला, त्याच्या शेपटीवर सकाळचं पाणी तापायचं. कुणाचा दगडाचा, तो दारात बसला की कुलूप लागायचं नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. वाट मात्र विचारू नका.

या पोराचा राक्षस पाण्यातला. त्या गावात पाण्यात उतरणारा तेवढा तोच. आगवाला विझला असता आणि दगडाचा बुडाला असता. तोंड बेडकाचं, शिंगं रेडकाची, शेपूट सुसरीची आणि पोट थेट गावच्या पाटलांचं. नाव डुंब्या. दिवसभर नदीत डुंबायचा, सांजेला येऊन चुलीपाशी ओलाच बसायचा आणि करपलेली भाकरी मागायचा. चांगली दिली तर नाक मुरडायचा.

"मेल्यासाठी मुद्दाम भाकरी करपवावी लागते," पोराची आई म्हणायची. "सासू असती तर मला कधीच घराबाहेर काढली असती."

डुंब्याचं एक होतं. तो कुणाचं ऐकायचा नाही. मनात येईल ते करायचा. एकदा आई घाटावर धुणं धूत होती. शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि ती डोहात गेली. हाक मारायलाही सवड मिळाली नाही. पलीकडच्या काठाला चिखलात लोळत पडलेला डुंब्या बाणासारखा आला, पदर दातात धरला आणि तिला काठावर आणून टाकली. लुगडं टराटरा फाटलं. आईनं आधी त्याला दोन धपाटे घातले, मग त्याच्या गळ्यात पडून रडली आणि मग टोपलीभर भाकऱ्या करपवल्या.

पोरगा पोहायला शिकलाच नाही. कशाला शिकेल? पलीकडे रानात जायचं तर डुंब्याची पाठ होती. परतताना तो पलीकडच्या काठावरून हाक द्यायचा, "आई, आलो गं!" आणि आई चुलीवर तवा टाकायची.

पोराला मिसरूड फुटलं तशी त्याला राजधानीतली राक्षसांची दंगल खुणावू लागली. लांबलांबचे वस्ताद तिथं आपापले राक्षस झुंजवत. जिंकेल त्याला चांदीची गदा.

"गदा कशाला रे?" आई म्हणाली. "घरात मुसळ आहे की."

"आई, चेष्टा नको."

ती डुंब्याच्या शिंगांना तेल चोळत होती. चोळता चोळताच म्हणाली, "जा. याला शिकव काय शिकवायचं ते. पण याचं मन याच्यापाशी राहू दे, बाळा."

"मनानं झुंज जिंकत नाहीत," पोरगा म्हणाला आणि निघाला.

पहिल्याच झुंजीत डुंब्यासमोर एक केसाळ धिप्पाड राक्षस आला. डुंब्यानं शेपटीचा एक तडाखा दिला आणि ते धूड खाली बसून भोकाड पसरून रडू लागलं. घरापासून लांब आलेलं पोरच होतं ते. डुंब्या थांबला. जवळ गेला, त्याचे डोळे चाटून पुसले आणि त्याला बिलगून बसला. पोरगा ओरडत राहिला, "उठ! मार!" डुंब्या उठला नाही.

मैदान हसून लोळलं. कुणीतरी वरून ओरडलं, "ओ वस्ताद, राक्षस आणलाय का मावशी आणलीय?"

पोराचे कान तापले. ते थंड झालेच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यानं डुंब्याला शिकवायला घेतलं.

भाकरी समोर ठेवायची आणि म्हणायचं, "माझ्या तोंडाकडे बघ." आपण 'खा' म्हणायच्या आधी जो तोंड लावेल तो उपाशी. डुंब्या पुष्कळ उपाशी राहिला. मग दुसऱ्यांना 'खा' म्हणायला लावायचं. त्यांचं ऐकलं तरी उपास. मग हाताच्या खुणा. दंगलीत समोरचे वस्ताद खोट्या खुणा करून राक्षसाला फसवतात, म्हणून हाताची खूण मानायची नाही. बोट नाही, मान नाही, डोळा नाही. फक्त आवाज, आणि तोही आपलाच.

डुंब्या शिकला. नाकावर माशी बसली तरी "हाकल" म्हटल्याशिवाय हाकलेना. लोक लांबून बघायला येत. "काय शिस्त आहे! पापणी हलवायलासुद्धा परवानगी मागतो!" पोराची छाती फुगायची. डुंब्या नदीकाठानं जाताना पाण्याकडे बघेनासा झाला, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बघायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग हरणं संपलं. पोरगा एका दमात हुकूम सोडायचा आणि डुंब्या त्याच दमात वार करायचा. शेवटची झुंज जिंकली, गदा खांद्यावर आली, डुंब्याचं नाव 'जलकाळ' पडलं आणि पोराला मोठमोठी माणसं वस्ताद म्हणू लागली.

आता घर.

पण घर लांब, आणि वाटेत गावं. प्रत्येक गावाच्या वेशीवर हलगी, फेटा आणि तेच मागणं, "वस्ताद, शेवटच्या झुंजीचं सांगा की!" वस्ताद सांगायचा. पहिल्या गावात समोरच्या राक्षसाला एक तोंड होतं. पुढच्या गावात त्याला तीन झाली. त्यापुढं त्यानं राजवाडा गिळला, राजा आत सापडला, आणि जलकाळानं त्याच्या घशात हात घालून राजाला मुकुटासकट ओढून काढला. सांगताना ओरडायचं, गुरगुरायचं, शड्डू ठोकायचा. आवाज आधी बसला, मग चिरकला, मग नुसती फुंकर उरली.

घर आता एका नदीच्या अंतरावर आलं होतं. काठावरच्या शेवटच्या गावात एका म्हातारीनं त्याला ज्येष्ठमधाचा तुकडा दिला. त्याची नरडी चाचपली आणि म्हणाली, "पोरा, आता एका हाकेपुरता आवाज शिल्लक आहे. ती हाक घरासाठी ठेव. मग महिनाभर गप्प बस."

समोर नदी. पलीकडे आपला घाट. घाटावर गाव लोटलेलं आणि सगळ्यांच्या पुढं आई. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. काय ते त्याला न बघताच कळलं. नाकात करपलेल्या भाकरीचा वास आल्यासारखा झाला. त्यानं 'आई, आलो गं' म्हणायला तोंड उघडलं.

"वस्ताद, असं कसं?" मागून कुणी म्हणालं. "साऱ्या गावांना सांगितलंत आणि आम्हीच तेवढे कोरडे? घर काय पळून जातंय?"

हलगी कडाडली. कुणीतरी त्याला उचलून मांडवातल्या चौथऱ्यावर उभा केला. समोर सगळी तोंडं वर करून बसली होती. वस्तादानं एकदा नदीकडे बघितलं, एकदा त्या तोंडांकडे. आणि शिल्लक होता तेवढा आवाज राजाला राक्षसाच्या पोटातून ओढून काढण्यात खर्च केला. टाळ्या अशा पडल्या म्हणता!

पलीकडे आई हाकेची वाट बघत होती. हाक येईना. लेक मात्र फेटा बांधून उंच उभा होता आणि दोन्ही हात हवेत फिरवत होता.

"बोलावतोय गं मला," ती म्हणाली. "दमला असेल पोर. घसा बसला असेल. आप्पा, काहील काढा."

गावाला होडी नव्हती. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई, काहील, तीच पाण्यात ढकलायची आणि शेजारच्या आप्पांनी वल्हं मारायचं. आई काहिलीत बसली. नदीच्या मध्यावर आली तेव्हा तिला डुंब्या दिसला. तेल लावलेली शिंगं, गळ्यात पदक, पुतळ्यासारखा काठावर उभा. तिला राहवेना. ती उठून उभी राहिली, भाकरी उंच धरली आणि ओरडली, "डुंब्या! ए मेल्या, बघ काय आणलंय!"

काहील कलली. एका बाजूनं पाणी आत आलं आणि ती पालथी झाली.

आप्पांनी काहिलीची कड धरली. आईला धरता आली नाही.

वस्तादानं मांडवातून उडी टाकली आणि काठावर आला. "जा!" तो म्हणाला. म्हणजे त्याचे ओठ म्हणाले. आवाज आलाच नाही. डुंब्या त्याच्या तोंडाकडे बघत उभा होता.

वस्तादानं नदीकडे बोट केलं. डुंब्या बोटाकडे बघेना. वस्तादानं त्याला ढकललं, शिंगं धरून ओढलं, थोबाडीत मारली. डुंब्यानं सगळं सोसलं आणि तोंडाकडे बघत राहिला. सगळा काठ ओरडू लागला, "अरे जा की! जा!" ते आवाज परके होते.

पाण्यातून हात वर आला, त्याला पदराचं टोक गुंडाळलेलं. तेव्हा डुंब्याचा पुढचा पाय हलला. त्यानं तो पाण्यात टाकला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मग त्यानं मान वळवून वस्तादाच्या तोंडाकडे बघितलं आणि पाय मागं घेतला. शिकवल्याप्रमाणे.

वस्ताद स्वतः पाण्यात शिरला. दोन पावलांत बुडू लागला. लोकांनी त्याला फेट्यानं ओढून बाहेर काढलं. गावच्या पोरांनी धडाधड उड्या घेतल्या, आप्पांना आणलं. आई खालच्या गावच्या बंधाऱ्यापाशी सापडली, दुसऱ्या दिवशी. भाकरी सापडली नाही.

ज्येष्ठमधानं पुढं काम केलं. आवाज परत आला. तोवर तेरावं होऊन गेलं होतं.

एका सकाळी त्यानं चूल पेटवली, भाकरी थापली आणि करपवली. पहिल्यांदाच करत होता, फार करपली. डुंब्याच्या पुढं ठेवली आणि गप्प बसला. डुंब्यानं वास घेतला. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. तो वस्तादाच्या तोंडाकडे बघू लागला.

"डुंब्या," वस्ताद म्हणाला, "इथून पुढं माझं ऐकू नकोस. तुला वाटेल ते कर. समजलं?"

डुंब्यानं लगेच मान हलवली. अगदी शहाण्यासारखी. आणि आता काय करायचं ते ऐकायला त्याच्या तोंडाकडे बघत बसला.

दुपार झाली. भाकरी वातड झाली. डुंब्याच्या नाकावर एक माशी येऊन बसली. वस्ताद तिच्याकडे बघत राहिला, ती उडेल म्हणून. ती उडाली नाही.

शेवटी तोच म्हणाला, "खा."

डुंब्या खाऊ लागला.

तात्पर्य, आणि हे लेकरांनी आईबापांना वाचून दाखवावं: ज्याला आपल्या हुकमाशिवाय हलायचं नाही असं शिकवलं, तो ऐन वेळी आपल्या तोंडाकडेच बघत राहतो, आणि एकदा मोडलेलं मन हुकूम देऊन परत येत नाही.